दिग्या लाल जर्सीत गेला ते वर्ष

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप साठतात आणि बेंचवर बसणाऱ्याकडे जरा जास्तच साठतात. मी कमान तालमीचा राखीव गोलकीपर. अकरा सीझन राखीव! पहिला गोलकीपर कधी आजारी पडला नाही, त्याच्या घरातलं एकही लग्न मॅचच्या दिवशी निघालं नाही, मग माझा नंबर लागणार कुठून? बेंचवर दुपारचं ऊन अंगावर घेत बसायचं, समोरच्या गवताकडे बघायचं आणि हळूहळू डोळे जड व्हायचे. मी मॅच अर्धी बघितलेली असते, उरलेली बहुतेक स्वप्नात. तेव्हा यातलं काही इकडेतिकडे झालं असेल तर सांभाळून घ्या.

एवढं माहीत असलं की पुरे. कोल्हापुरात फुटबॉल तालमीतालमींचा असतो. आमची कमान तालीम, जर्सी निळी. रस्ता ओलांडला की नगारा तालीम, जर्सी लाल. रस्ता दोन रिक्षा जातील एवढाच. पण आमचा खेळाडू तो रस्ता ओलांडून नगाऱ्यात गेला, तर तो परदेशी गेला असं धरतात. खरं तर परदेशी गेलेल्याला निदान फोन तरी करतात.

*

दिवाळीनंतर आठवडाभर खेळाडूंची नोंदणी चालते. ज्या तालमीच्या फॉर्मवर सही केली, त्या सीझनपुरता खेळाडू तिचा. त्या आठवड्यात चांगला खेळाडू कुणी पळवू नये म्हणून त्याला गावाबाहेर नेऊन ठेवायची आमच्याकडे जुनी पद्धत. त्या वर्षी दिग्याला, म्हणजे दिग्विजयला, आजऱ्याला माझ्या मावशीकडे ठेवायचं ठरलं. राखणीला मी. "तसा तू बसूनच असतोस," असं सेक्रेटरी म्हणाले.

दिग्या माझा शेजारी, पहिलीपासूनचा दोस्त. सहा दिवस आम्ही दोघं मावशीच्या शेताच्या बांधावर पडून होतो. घनसाळ भात कापणीला आला होता. वारा आला की सगळ्या शिवाराला भात शिजत घातल्यासारखा वास यायचा. नगाऱ्याचं कुणी तिकडे फिरकलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी दिग्या आभाळाकडे बघत म्हणाला, "दोन वर्सं झाली मला बॅकला हुबं केलंय. गोल लांबनंच बघतोय रं. मला पुढं खेळायचं हाय."

मी नुसतं हं म्हटलं. मला वाटलं, हा झोपेत बोलतोय.

सातव्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही परत निघालो. नोंदणीच्या ऑफिससमोर आल्यावर दिग्यानं थांबायला सांगितलं, आत गेला आणि नगाऱ्याच्या फॉर्मवर सही करून आला. संध्याकाळी तालमीत माझी चौकशी झाली. स्कूटर कुणाची? माझी. थांबवली कुणी? मी. मग सेक्रेटरींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि पेन?"

पेनही माझंच होतं.

*

दिग्याचे वडील तात्या. बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. तरुणपणी कमानीचे बॅक. त्यांच्या वेळी फॉरवर्ड मंडळी घरून निघताना देवाला नमस्कार करून निघायची म्हणे. पोराला बॅकला आणलं तेव्हा सगळ्यांत खूश तेच झाले होते. त्यामुळे पोरगा नगाऱ्यात गेला याचं दुःख होतंच, पण आपली जागा त्यानं नको म्हटली हे दुःख त्याहून मोठं असावं. हा आपला माझा अंदाज, ते स्वतः काही बोलले नाहीत.

म्हणजे बोलत होते, पण दिग्याशी नाही. त्यांनी पोराचं नावच टाकलं. जेवायला दोघांची ताटं शेजारीशेजारी, आणि तात्या काकींना सांगायचे, "पावण्यांस्नी आमटी वाढ." दिग्याही त्यांचाच मुलगा. तो म्हणायचा, "आई, पावण्यांस्नी पुरं झालं म्हणावं." काकी बिचाऱ्या दोघांच्या मधे आमटीचं पातेलं घेऊन उभ्या.

लाल जर्सी अंगणात वाळत घालायची तात्यांनी बंदी केली. मग काकी ती गुपचूप आमच्या गच्चीवर आणून टाकायच्या. कमानीच्या गोलकीपरच्या गच्चीवर नगाऱ्याची जर्सी वाऱ्यावर डुलताना पेठेनं बघितली आणि चार दिवस मला कुणी चहाला बोलावलं नाही. पाचव्या दिवशी दिग्या जर्सी न्यायला वर आला. 

"गोल हुतील न्हायतर न्हाई हुणार," तो म्हणाला. "तात्यांनी एकदा दिग्या म्हणून हाक मारली पायजे."

मला फार वाईट वाटलं. पेन दिल्याचंही तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

*

मॅचच्या दिवशी दुपारी दोनला आमची टीम तालमीत जमते. आधी मारुतीला नमस्कार, मग कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर तांबडी माती मोज्यात टाकायची, मग वस्तादांच्या हातचं पेलाभर दूध प्यायचं आणि स्टेडियमला निघायचं. वस्ताद सत्तरीच्या पुढचे, तालमीची देखभाल तेच बघतात.

त्या सीझनची आमची पहिली मॅच आणि नगाऱ्याची पहिली मॅच एकाच दिवशी होती, आधी त्यांची, मग आमची. आम्ही सगळे तालमीत बसलेलो. दुपारची वेळ, कौलातून उन्हाचे कवडसे पडलेले. इतक्यात दिग्या आत आला. सरळ मारुतीला नमस्कार केला, हौद्यातली माती मोज्यात टाकली आणि खांबाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागेवर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. अंगात लाल जर्सी!

चौदा वर्षांची सवय. घरातून पाय निघाले आणि इकडेच आले. आम्ही सगळे बघत राहिलो, पण सांगणार कोण? वस्तादांनी रांगेनं दूध देत देत त्याच्याही हातात पेला दिला. अर्धा पेला पोटात गेल्यावर दिग्याची नजर आमच्या निळ्या जर्सींवरून फिरली, मग स्वतःच्या छातीवर आली. तो ताडकन उठला.

"बस," वस्ताद म्हणाले. "वतल्यालं दूध सपीव, मग कुठं जायाचं तिकडं जा."

त्यानं दूध संपवलं. तिकडे नगाऱ्याची टीम मैदानात उतरली होती आणि आपला फॉरवर्ड कमानीनं कोंडून घातला म्हणून त्यांच्या लोकांनी पंचांकडे तक्रार केली होती. दिग्या धावत पोचला तेव्हा ओठावर दुधाची मिशी होती. पंचांनी ती बघितली आणि तक्रार परत घ्यायला लावली.

*

आमच्या तालमीच्या भिंतीवर दर वर्षीच्या टीमचा फोटो आहे. दिग्या त्यातल्या चौदा फोटोंत. कमिटीत ठराव झाला की गद्दाराचं तोंड झाकायचं. फोटो कापता येत नाही, काचेच्या आत आहे. तेव्हा काचेवरून चिकटपट्टी लावायचं ठरलं आणि हे काम तात्यांनी स्वतः मागून घेतलं. हात फिटरचा. चौदा पट्ट्या अशा मापात कापल्या की शेजारच्याचा कानही झाकला जाऊ नये.

पण उन्हाळ्याची चाहूल लागली, भिंत तापायला लागली आणि पट्ट्या सुटून खाली पडायला लागल्या. तात्या रोज दुपारी यायचे. चष्मा लावायचे, स्टुलावर चढायचे, काच पुसायचे आणि नवी पट्टी लावायचे. मी एकदा वस्तादांना म्हटलं, काय हा माणसाचा राग, रोज न चुकता येतो.

"व्हय की," वस्ताद म्हणाले. "एक पट्टी चिकटवाया धा मिन्टं लागत्यात त्यास्नी. त्यातली नऊ काच पुसाया."

*

सीझनमध्ये पहाटे आम्ही कळंब्याच्या तलावावर पळायला जातो. तिथे कमान नाही, नगारा नाही, सगळे जुन्या बनियनवर. मी दिग्याबरोबर पळायचो, म्हणजे पहिला फेरा त्याच्याबरोबर आणि दुसरा मनातल्या मनात. एकदा असं धुकं पडलं होतं की तलाव कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो कळेना. पळणाऱ्यांच्या पावलांचा नुसता आवाज. आपण पळतोय की कुणीतरी आपल्याला उचलून नेतंय, असं वाटायला लागलं.

समोरून काठीचा आवाज आला. कुणीतरी चालत होतं.

"पावणं, किती वाजलं?"

तात्यांचा आवाज. मी दिग्याच्या दंडाला धरलं, पण तो बोलून गेला होता, "सव्वासा."

काठी थांबली. बापानं मुलाचा आवाज ओळखला नाही असं कसं होईल? धुक्यात नुसती टोपी दिसत होती.

"घड्याळ पाच मिन्टं मागं हाय तुमचं," असं म्हणून तात्या पुढे निघून गेले.

तुमचं! घरी जाऊन दिग्यानं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं. त्या सीझनला नगाऱ्याच्या प्रॅक्टिसला रोज सगळ्यांत आधी तोच हजर असायचा.

*

आणि मग कमान-नगारा मॅच आली. एरवी नगाऱ्याची मॅच असली की तात्या स्टेडियमकडे फिरकत नव्हते. पण ही आपल्या तालमीची मॅच, यावंच लागलं. आमच्या बेंचच्या बरोबर मागे, तिसऱ्या पायरीवर बसले. अर्धं स्टेडियम निळं, अर्धं लाल. चार-साडेचारचं ऊन, मैदानावर धूळ तरंगत होती, खेळाडूंच्या सावल्या त्यांच्यापेक्षा लांब झाल्या होत्या.

शून्य-शून्य. शेवटची दोन मिनिटं राहिली होती. नगाऱ्यानं मागून लांब बॉल टाकला. आमचा बॅक पाय घसरून बसला आणि दिग्या एकटा सुटला. समोर फक्त आमचा गोलकीपर. आमची सगळी गॅलरी गप्प. ज्या बाजूला कानात बोट घालून बसावं लागतं, तिथे माझ्या शेजारच्याचा श्वास मला ऐकू येत होता. दिग्यानं बॉल डाव्या पायावर घेतला, उजवा पाय मागे नेला.

"दिग्याऽऽ, मार!"

आवाज आमच्याच गॅलरीतून आला होता. तिसऱ्या पायरीवरून. तात्या उभे होते, हात वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

दिग्याचा पाय हवेतल्या हवेत थांबला. तो थांबला आणि सगळा आमच्या गॅलरीकडे वळला. बॉल आपला एकटाच हळूहळू पुढे गेला, गवतातून, कुणाचीच घाई नसल्यासारखा, आणि आमच्या गोलकीपरनं खाली बसून तो मांडीवर घेतला. लाल गॅलरीतून बाटल्या पडायला लागल्या. नगाऱ्याचा कोच मैदानात घुसला, त्याला दोघांनी धरलं. दिग्याला यातलं काही दिसत नव्हतं. तो हात खाली सोडून उभा होता, वर बघत होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

सगळी निळी गॅलरी मान वळवून तात्यांकडे बघत होती. तात्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. आणि मग आधीपेक्षा मोठ्यानं ओरडले,

"माझ्याकडं काय बघालायस? बॉल गेला की!"