बुलेमामाच्या वाक्याचं शेपूट

बुलेमामाला मी इंग्रजी शिकवलं, असं टोळीतले सगळे सांगतात. सांगोत बापडे. काय शिकवलं ते मला ठाऊक आहे, आणि आता मामालाही.

तो माझा सख्खा मामा नव्हे. आईच्या गावचा, म्हणून मामा. भर समुद्रातल्या आमच्या पेंटेकॉस्ट बेटावर तारोचे कंद लावायचे, डुकरं पाळायची, यात त्याची बावन्न वर्षं गेली. मग पेअर तोडायला ऑस्ट्रेलियात आला, माझ्या टोळीत. टोळी अकरा जणांची आणि मुकादम मी. माझी लायकी एवढीच, की आमच्याकडच्या लुगनव्हिल शहरातल्या शाळेत दहावीपर्यंत बाकावर बसलो होतो. बागेचा मालक कॉलिन जे बोलेल ते मी टोळीला सांगायचं, टोळी जे बोलेल ते कॉलिनला. मधल्या मध्ये थोडं गाळायचं. मुकादमाची कमाई म्हणाल तर हे गाळणंच.

मामाला मात्र स्वतः बोलायचं होतं. पेअरच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर तो शब्द लिहून घ्यायचा आणि शिडीवर चढून पाठ करायचा. शिडी, पिशवी, देठ, ऊन. पंधरा दिवसांत त्याच्याजवळ एक खोकंभर इंग्रजी जमलं. शब्दांचं त्याला जड गेलं नाही. जड गेली ती इथल्या लोकांची बोलायची तऱ्हा.

दुकानात गल्ल्यावरच्या बाईनं विचारलं, कसे आहात? मामानं टोपली खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. गुडघा धरलाय, धाकटीला बाळ झालंय, गावाकडे पाऊस लांबलाय. शब्द संपले तिथे हातांनी सांगितलं. मागे रांग वाढत गेली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, तिला ऐकायचं नव्हतं. इथं ते नुसतं म्हणतात."

"ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?"

"पद्धत आहे."

मामा बागेच्या फाटकापर्यंत चालत आला. मग म्हणाला, "म्हणजे हे लोक रिकाम्या टोपल्या इकडून तिकडे नेतात." संध्याकाळी ही गोष्ट मी सगळ्या टोळीला नक्कल करून सांगितली. मामाही हसला. तेव्हा मला मी फार हुशार वाटत होतो.

हंगामाचा पहिला महिना सरला आणि मामाचे वडील गेल्याचा फोन आला. आमच्या बेटावर माती त्याच दिवशी देतात. निघून उपयोग नव्हता. पण शंभरावा दिवस उरतो. तोवर घरातले पुरुष दाढी करत नाहीत. शंभराव्या दिवशी डुक्कर कापतात, जेवण घालतात, सगळे मिळून दाढ्या उतरवतात, आणि मगच गेलेला माणूस गेला असं धरतात. थोरला मुलगा नसेल तर ते जेवण अर्धवट. मामा थोरला.

दिवस मोजायला आम्ही नामेले नावाच्या झाडाच्या झावळीची रोज एकेक पात मोडतो. इथे नामेले कुठलं? मामानं प्लास्टिकचे दोन कंगवे घेतले, शंभरच्या वरचे दात आधीच मोडून टाकले, आणि रोज सकाळी एक दात मोडायला लागला.

शंभरावा दिवस येत होता हंगाम संपायच्या दहा दिवस आधी. मामानं मला सांगितलं, मालकाला विचार. मी हो म्हटलं. आणि विचारलं नाही.

का, ते लिहितो. आदल्या वर्षी दोघं जण अर्ध्यातून गेले होते आणि कॉलिन महिनाभर माझ्याशी तुटक वागला होता. या वर्षी मी त्याला छातीठोक सांगून बसलो होतो, की शेवटचा पेअर उतरेपर्यंत माझा एकही माणूस हलणार नाही. मुकादमकी टिकवायची होती. म्हणून मामाला म्हणायचो, आज मालकाचं डोकं ठिकाणावर नाही. आज ट्रॅक्टर बिघडलाय. आज राहू दे. कंगव्याचे दात कमी होत होते, दाढी वाढत होती. कॉलिन लांबून ओरडायचा, नाताळबाबा लवकर आला यंदा. मी ते मामाला गाळून सांगायचो.

शेवटी मामा म्हणाला, "तुला अडचण होते. मला वाक्य शिकव, मीच विचारतो."

शिकवलं. माझे वडील वारले आहेत, मला दोन आठवडे आधी घरी जायचं आहे. आणि त्याला एक शेपूट लावलं: नाही जमलं तरी काही नाही.

"हे शेवटचं काय?" मामानं विचारलं.

"इथली पद्धत. त्याशिवाय बोलणं उद्धट वाटतं."

यात खोटं काही नव्हतं. इथे सगळेच ते शेपूट लावतात. पण मी ते लावलं तेव्हा मला हेही माहीत होतं, की शेपूट धरून कॉलिन सहज सुटेल, आणि माझा शब्दही राहील. अर्थ मी सांगितला नाही. मामानं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि चार दिवस शिडीवर घोकलं.

विचारलं तेव्हा मी ट्रॅक्टरजवळच उभा होतो. मामानं टोपी काढली आणि वाक्य न अडखळता म्हटलं, शेपटासकट. कॉलिन म्हणाला, वाईट झालं, पण शेवटपर्यंत थांबलास तर बरं, तोडणारे कमी आहेत. वर माझ्याकडे बघितलं. मी पायाखालची पानं बघत होतो.

मामानं मान डोलावली, टोपी घातली आणि शिडीवर गेला. आमच्याकडे मोठी गोष्ट एकदाच मागतात. दुसऱ्यांदा मागणं म्हणजे समोरच्याला लाज आणणं.

शंभराव्या दिवशी मामानं शेवटचा दात मोडला आणि कंगवा खिशात ठेवला. दाढी तशीच. ती इथे, एकट्यानं, नळावर उतरवण्यातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉलिननं सहज विचारलं, हा दाढी का काढत नाही? कुणी कारण विचारलं नसतं तर मी अजूनही गप्प असतो. सगळं सांगितलं. त्याच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"पण तोच म्हणाला ना, नाही जमलं तरी काही नाही? मला वाटलं, विचारायचं म्हणून विचारतोय. मी सोडलं असतं त्याला." मग जरा थांबून म्हणाला, "तू तिथेच होतास की."

एवढं सोपं होतं.

त्याच दुपारी मी मामाच्या शिडीखाली जाऊन उभा राहिलो आणि शेपटाचा अर्थ सांगितला. मुद्दाम लावलं, हेही सांगितलं. वरून एक पेअर पडला. मामाच्या हातून पेअर पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"म्हणजे," तो वरूनच म्हणाला, "वडील गेले त्याचं काही नाही, असं मीच माझ्या तोंडानं सांगितलं?"

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीतच तोंडातून आलं. मामानं पिशवी भरली, उतरला, मोठ्या पेटीत ओतली, शिडी पुढच्या झाडाला लावली.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पण सकाळी शिडीवर चढला की वाक्य म्हणायचा, शेपूट तोडलेलं. माझे वडील वारले आहेत, मला घरी जायचं आहे. मोठ्यानं, झाडाला. कॉलिन आता त्या ओळीकडे फिरकत नसे. मी खाली उभा असायचो. सुधारायला काही नव्हतं, उच्चार माझ्याहून चांगला झाला होता.

हंगाम संपला, सगळे एकदमच निघालो. मेलबर्नच्या विमानतळावर खिडकीतल्या मुलीनं पेटीला चिठ्ठी लावता लावता, वर न बघता विचारलं, घरी चाललात वाटतं? मामा सरळ उभा राहिला.

"माझे वडील वारले आहेत. मी घरी चाललो आहे."

तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, दाढी पाहिली आणि हळू काहीतरी बोलली.

मामानं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली?"

"तिला वाईट वाटलं, म्हणते."

"खरं? का शेपूट?"

कितीतरी दिवसांत त्यानं मला काही विचारलं नव्हतं. या वेळी गाळण्यासारखं काहीच नव्हतं. "ते मला नाही कळत, मामा," मी म्हटलं. "पण हात थांबला तिचा."

मामानं मान हलवली आणि पुढे झाला.

आमच्याकडे माफी नुसती तोंडानं होत नाही. लाल रंगवलेली चटई आणि सुळे वळलेलं डुक्कर घेऊन दारात उभं राहावं लागतं, समोरचा ते घेईल किंवा न घेईल. चटई आई विणून देईल. कशासाठी, ते आधी तिला सांगावं लागेल, आणि वारलेले आजोबा, मामाचे वडील, तिच्याच गावचे. डुकराचं मी बघतोय.