परमुलखातल्या माणसाला कळवायचं नसतं

आमच्या घरात एक रीत आहे. परमुलखात असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. मोहिमेवर गेलेल्याचा जीव घरच्या काळजीनं टांगणीला लागू नये, म्हणून ही रीत पडली असं बाबा सांगतात. आता फौजेत कुणी नाही. बाबा बँकेतून रिटायर झाले, मी जर्मनीत पाण्याच्या पंपांची डिझाइनं करते. तरी रीत आपली चालूच. मामीचं ऑपरेशन झाल्याचं मला कळलं, तेव्हा मामी बरी होऊन भाजी आणायला हिंडत होती. मी फोनवर भांडले, तर आई म्हणते, "तुला सांगून तू तिथून काय करणार होतीस?"

मला भरपूर राग आला.

पण रीत काही एका बाजूची नसते. तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात माझं मन खचलं. सकाळी उठवेना, जेवण जाईना, अंघोळ करता करता रडू यायचं. काम आवडीचं, लोक चांगले, घर उबदार, मग रडायला झालंय काय, म्हणून मी स्वतःवरच चिडायची. आणि घरी फोन केला की, "हो हो, मजेत. इथं बर्फ पडलाय, फोटो पाठवते."

कंपनीनं फोनवर समुपदेशनाची सोय केली होती. एकदा हिय्या करून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार मायेनं विचारलं, कशा आहात? आणि माझ्या तोंडून निघालं, तशी ठीक आहे, जरा अंधाराचा त्रास होतो एवढंच. वर मीच त्यांना विचारलं, तुम्हाला सुट्ट्या वगैरे मिळतात ना वेळेवर? त्या बिचाऱ्या खूश झाल्या. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये खाली बसून हुंदके देऊन रडले. मदत मागायला गेले होते आणि पाहुण्यांसारखी विचारपूस करून परत आले.

मग एके सकाळी ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले, ट्राम आली, दार उघडलं, आणि माझा पाय उचलेना. ती गेली, पुढची आली, तीही गेली. तशीच तिथल्या डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्यांदा खरं बोलले. त्या म्हणाल्या, घरी कुणी असेल तर काही दिवस जाऊन या, पण उपचार मात्र सोडू नका.

घरी म्हणजे ग्वाल्हेरला, दर्पण कॉलनीत. रजा काढून आले. आई मटार सोलत होती, मी समोर बसून सोलू लागले आणि सोलता सोलताच सगळं सांगून टाकलं. आईचे हात थांबले. पहिला प्रश्न काय, तर, "कुणाला बोलली नाहीस ना?" आणि मग डोळे पुसत, "बरं. चांगला डॉक्टर शोधायला पाहिजे."

बाबांनी सिटी सेंटर भागात एक समुपदेशक बाई शोधून काढल्या. मला स्कूटरवर सोडायचे आणि खाली चहाच्या टपरीवर थांबायचे. शेजारी काय सांगायचं, हा आईपुढचा खरा यक्षप्रश्न. तिनं दाताच्या डॉक्टरचं नाव पुढे केलं. दोनचार वेळा जाणं झाल्यावर समोरच्या आंटी मला फाटकातच गाठून म्हणाल्या, "बिटिया, ऐसी कौन सी दाढ़ है जो ठीक ही नहीं हो रही?" मी म्हटलं, "अक्कलदाढ़, आंटी." आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, पण पाठमोरी हसत होती हे मी पाहिलं.

समुपदेशक बाई साधारण माझ्याच वयाच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनाही मी सवयीनं सांगितलं, "बस, सब बढ़िया है." त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाल्या, "सब बढ़िया होता तो इतनी सीढ़ियाँ क्यों चढ़तीं?" मला हसू आलं, आणि हसता हसता बांध फुटला. पुढे मी त्यांच्याशी आमच्या ग्वाल्हेरी पद्धतीनं बोलू लागले, अर्धं हिंदी, मध्येच मराठी. त्यांचं काही अडलं नाही.

हळूहळू झोप लागायला लागली. भूक लागली. आणि मला परत जायचं होतं. ते काम मी मेहनतीनं मिळवलं होतं, ते हातचं सोडायचं नव्हतं. बाई म्हणाल्या, जा, आपण दर आठवड्याला व्हिडिओवर बोलू. पण घरातल्या एका माणसाला तरी तुमची खरी हालत कळत राहिली पाहिजे, त्याशिवाय मी जा म्हणणार नाही. आईला घेऊन या.

आई हळदीकुंकवाला निघाल्यासारखी ठेवणीतली साडी नेसून आली. बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला काही त्रास झाला की मुलीला सांगता? आई ताठ बसून म्हणाली, "हमारे यहाँ परदेस वाले को नहीं बताते."

"तो फिर परदेस वाली आपको क्यों बताए?"

परतताना आम्ही दोघी रिक्षात. आई फणफणत होती, "कालची पोर, मला शिकवते." हजीऱ्याला मामीकडे डबा द्यायचा होता, तिथवर ती तशीच धुमसत राहिली. मग रिक्षातून उतरता उतरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगत जाईन. पण तूही सांगायचं. नुसते बर्फाचे फोटो पाठवायचे नाहीत."

मी जर्मनीला परत आले. दर आठवड्याला बाईंशी बोलते, त्यांच्या खिडकीतून सिटी सेंटरचे हॉर्न ऐकू येतात आणि मला ते आवडतात. वाईट दिवस अजून येतात. तेव्हा आईला सांगते, आज ऑफिसला उशिरा गेले, आज रडले. ती ऐकते, मध्ये एकदा तरी बदाम खाल्लेस का विचारते, तेवढं चालतं. पण तिच्या बाजूनं मात्र, आम्ही मजेत, आम्हाला काय होतंय. मी म्हटलं, जाऊ दे, या वयात कुठे बदलणार.

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना भरदुपारी तिचा फोन आला. ती अशा वेळी कधी करत नाही. मी उठून जिन्यात गेले.

"कामात आहेस का गं?"

"नाही, बोल. बाबा बरे आहेत ना?"

"बाबांना काय धाड भरलीय. मलाच आज बरं नाहीये. ताप वगैरे नाही, तसलं काही नाही. सकाळपासून रडूच येतंय नुसतं. का ते कळत नाही." मग म्हणाली, "बाबांना नाही सांगितलं. तुला सांगावंसं वाटलं."

घाबरू नकोस म्हणावं, बदाम खा म्हणावं, बाबांना हाक मारायला सांगावं, सगळं एकदम ओठांवर आलं. ते सगळं गिळून मी पायरीवर बसले. आई माझ्यापाशी रडत होती आणि मी ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की मी घरापासून लांब नाही.