भावजींचा डबा

इथे आयर्लंडात सोर्ड्सपासून नावनपर्यंत जेवढी मराठी माणसं राहतात, त्यांत सर्वांत नीटनेटकेपणाने संसार मोडलेला माणूस म्हणजे आमचे भावजी. ते माझ्या नवऱ्याचे पुण्यातले कॉलेजमित्र. इकडे दोघं एकदमच आले, म्हणून मी वहिनी आणि ते भावजी. औषधांच्या कारखान्यात काम करून करून त्यांच्या अंगात कारखाना शिरला आहे. आमच्याकडे आले की आधी हात धुतात, मग नळ पुसतात, मग नळ पुसलेलं फडकं कुठे टाकायचं ते विचारतात. साखरेशी तर त्यांचं उभं वैर. स्वतः बिनसाखरेचा चहा पितातच, वर माझ्या नवऱ्याच्या कपाकडे असं बघतात की त्या बिचाऱ्याला दुसरा घोट घेववत नाही.

त्यांची बायको मेधा आणि ते वेगळे झाले तेव्हा भांडण असं कुणी ऐकलंच नाही. वर्षानुवर्षं भावजींची रात्रपाळी आणि तिची हॉस्पिटलातली दिवसपाळी. नवरा-बायकोची भेट व्हायची ती जिन्यावर. पुढे जिन्यावरचं बोलणंही संपलं. मेधा नावनला हॉस्पिटलजवळ राहायला गेली, त्यांची लहानगी ईरा तिच्याबरोबर गेली आणि भावजींच्या वाट्याला आला रविवार, तोही फक्त सकाळ ते संध्याकाळ. इथे ठरावीक काळ वेगळं राहिल्याशिवाय घटस्फोट मिळत नाही, पण मूल कुणाकडे कधी राहणार याचा निकाल त्याआधीच लावून घ्यावा लागतो. भावजींचं मागणं एवढंच होतं की शनिवारी रात्री ईराने त्यांच्याकडे झोपावं. मेधाने वकिलामार्फत कळवलं की आपली मुलगी रात्री काय जेवते हे ज्या माणसाला ठाऊक नाही, त्याच्याकडे तिला रात्रभर ठेवायचं तरी कसं? मला वाटलं, आता भावजी भडकणार. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, मुद्दा बरोबर आहे तिचा."

ईराची देवाणघेवाण दोघांच्या वाटेवरच्या एका पेट्रोल पंपावर व्हायची. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं तोंडी सांगतो आणि येणारा ते परत म्हणून दाखवतो. भावजींनी तीच पद्धत पंपावर चालू केली. ईराने पोळी अर्धवट टाकली, दुपारी शिंकली, डाव्या पायाचा मोजा सापडत नाही, असा सगळा अहवाल खणखणीत आवाजात द्यायचे आणि मेधा तो परत म्हणून दाखवील म्हणून थांबायचे. मेधा गाडीची काच वर करून निघून जायची. तरी भावजी तिथेच उभे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मेधा ईराबरोबर जेवणाचा डबा पाठवायची, अर्थातच भावजींच्या स्वयंपाकावर काडीचा भरवसा नव्हता म्हणून. डबा स्टीलचा, झाकणावर भावजींच्या आईचं नाव कोरलेलं. आता कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे संध्याकाळी तो भरूनच जायचा. आधी दुकानातली बिस्किटं गेली. मग भावजींना स्वतःचीच लाज वाटली आणि ते माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले. वरण शिकताना त्यांनी कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर घड्याळ लावून मोजलं. पहिल्या थालीपिठाने आमचा तवा कामातून गेला. हे डब्याचं प्रकरण त्यांच्या आयरिश वकीलबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या हादरल्याच. प्रकरण कोर्टात असताना बायकोला परस्पर काही पाठवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. डबा रिकामा देता येत नाही, हे भावजींचं उत्तर. असं कोण म्हणतं, बाईंनी विचारलं. भावजींनी नीट विचार केला आणि म्हणाले, "माझी आई." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत, ठीक आहे.

सुनावणी सोमवारी होती. असले खटले बंद दाराआड चालतात, तेव्हा मी आत जायचा प्रश्नच नव्हता, पण सोबत म्हणून बाहेर बसले. एका बाकावर आम्ही, समोरच्या टोकाला मेधा, आणि मध्ये दोन वकील निरोप घेऊन येरझारा घालताहेत. पुकारा काही होईना. शेवटी मेधाने पिशवीतून डबा काढला. आदल्या संध्याकाळी भावजींनीच भरून दिलेला वरणभात होता त्यात. ती खाऊ लागली आणि भावजींनी बाकाची कड घट्ट धरली. "मीठ कमी पडलंय," ते पुटपुटले. मेधाने सगळा संपवला, झाकण लावलं, उठली आणि दोन्ही वकिलांना ओलांडून सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"शनिवारी राहू दे तिला तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि मोहरी नीट तडतडू देत जा."

भावजी ताडकन उभे राहिले. "ईरा शनिवारी राहणार," त्यांनी परत म्हणून दाखवलं, "आणि मोहरी तडतडू द्यायची."

"हो," म्हणून मेधा हसली. मग आत जाऊन दोघांनी जज्जांना जे ठरलं ते सांगितलं आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं.

खरं सांगते, त्या हसण्यावर मी मनातल्या मनात दोघांना परत एका घरात राहायला पाठवलं होतं. तसलं काही झालं नाही. यथावकाश घटस्फोट झाला, तोही नीटनेटका. त्यानंतरच्या शनिवारी भावजी ईराला घेऊन आमच्याकडे आले. तिच्या हातात तो डबा होता.

"आई सेड यू आर टू कीप इट, बाबा," ईरा म्हणाली. "इट्स आजी'ज."

भावजींनी झाकण उघडलं. आत चिमूटभर साखर होती. घरात द्यायला काही उरलं नसलं की आपल्याकडे तेवढी घालून भांडं परत करतात. मी फ्रिज उघडून उगाच आत बघत राहिले.

"वहिनी, चहा टाकता?" भावजी म्हणाले.

मी त्यांचा चहा नेहमीसारखा बिनसाखरेचा केला. त्यांनी डबा कपावर कलता केला, साखर झटकून घेतली, बराच वेळ ढवळत बसले आणि सगळा चहा प्यायले. माझा नवरा आपल्याच कपात बघत होता. मग भावजींनी डबा धुतला, पुसून कोरडा केला, झाकण लावलं, आणि फडकं कुठे टाकायचं ते विचारायला विसरले.