सात नंबरची पुनव

आमची दीपमाला ताई जागेपणीच स्वप्नात असते. भाकरी थापता थापता हात थांबतो आणि बाई पुटपुटते, "निघ की रे बाहेर." तव्यावरची भाकरी करपते. मी रूपाली, तिची धाकटी बहीण, करपलेली भाकरी माझ्याच ताटात येते. तीन वर्षं झाली, ही जिवाणूंच्या नादी लागली.

बदनापूरहून सकाळच्या गाडीनं ती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत जाते. आई, म्हणजे गिरिजाबाई, गावच्याच शेती संशोधन केंद्रात तुरीच्या वाफ्यांवर मजुरीला आहे. कामावर जायच्या आधी ती रोज ताईला स्टेशनाच्या गेटापर्यंत सोडते. ताई तिशीला आली, तरी सोडते! कितीदा सांगितलं, ऐकतच न्हाई.

ताईचं काम असं. जिवाणूच्या पोटात एक प्रोटीन बनतं. त्याच्या तोंडाशी एक चिमुकला तुकडा असतो, सिग्नल पेप्टाइड. 'याला बाहेर न्या' एवढाच निरोप त्याच्यापाशी. गंमत म्हणजे मागचा जीन तोच ठेवला आणि नुसता हा तुकडा बदलला, तरी माल कमी-जास्त बनतो. ताईनं बारा तुकडे लावून पाहिले. दुधाच्या पावडरीनं पांढऱ्या केलेल्या बशीत ते जिवाणू वाढवायचे. प्रोटीन बाहेर आलं, तर ते दूध पचवतं आणि ठिपक्याभोवती स्वच्छ गोल पडतो. एकाचाबी पडला न्हाई. माल बनवण्यात सगळ्यात जोरदार होता तीन नंबर, सगळी आशा त्याच्यावर. सात नंबर सगळ्यात मंद, म्हणून त्याची बशी टाकून द्यायला खिडकीत काढून ठेवली.

प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांनी निक्षून सांगितलं होतं, "सोमवारी गोल दाखव, न्हाईतर विषय दुसऱ्याला देतो."

शनिवारी आषाढ पौर्णिमा होती. रविवारी प्रयोगशाळेत जाऊन तीन नंबरच्या नव्या बश्या ओतायच्या, आणि तसली पावडर विकणारं शहरातलं दुकान रविवारी बंद, म्हणून ताईनं पुडा आधीच घरी आणून ठेवला होता. विहारात वंदना झाली, आईनं केलेली खीर वाटली. शेजारच्या चांगुणाबाई ओठ पुसत म्हणाल्या, "गिरिजा, काय दाट झाली गं!"

आई खुशीत म्हणाली, "दूध कमी पडलं, मंग दीपाचा पुडा टाकला."

ताईच्या हातातली वाटी तशीच राहिली. अख्खा पुडा! तीन वर्षं, आणि शेवट गावाच्या पोटात! घरी येऊन ती ढसाढसा रडली. आई दारात बसून राहिली, जेवली न्हाई. मलाच आईचा इतका राग आल्ता की विचारू नका. आणि ती खीर मी दोन वाट्या खाल्ली होती, त्याची लाज वेगळीच.

सोमवारी ताई रिकाम्या हातानं गेली. सामान आवरावं म्हणून खिडकीपाशी वळली, तर पावसाळी गारव्यात पाच दिवस पडलेली सात नंबरची बशी. तिच्यात ठिपक्याभोवती स्वच्छ गोल, पुनवेसारखा.

सरांनी बशी उजेडात धरली. म्हणाले, "जोरदार तुकड्यानं माल धडाधड बनला, दारात अडकला, जिवाणू घाबरून बनवायचंच थांबला असेल. याचं मात्र गारव्यात हळूहळू, बेतानं चाललंय. परत कर, तीनदा." ताईनं तीनदा केलं. तीनदा गोल पडला आणि विषय तिचाच राहिला.

तिसरा गोल पडला त्या संध्याकाळी तिनं आईला मोबाइलवर फोटो दाखवला. आई बराच वेळ त्या पांढऱ्यात हरवली. मंग विचारलं, "आणि तो निरोप्या तुकडा? त्यो बी गेला भायेर?"

"न्हाई गं. दारातच कापून टाकतात त्याला. त्याचं काम तेवढंच."

मला रोज स्टेशनाच्या गेटातून माघारी फिरणारी आई दिसली. ताईच्या बी ध्यानात आलं बहुतेक, तिनं आईचा हात घट्ट धरला. तुरीच्या वाफ्यातल्या चिखलानं काळी झालेली ती बोटं बघून माझे डोळे भरून आले.

"जाऊ दे," आई म्हणाली. "पोचलं ना ते भायेर? मंग झालं. उद्या गाडी कितीची हाय?"