जानरावकाकाचा एकच सूर

आमच्या जऊळक्याच्या जानरावकाकानं जन्मभर सनई वाजवली, पण तिच्यातून काढला एकच सूर. म्हणजे असं, की मुख्य सनईवाला राग फुलवतो आणि शेजारी दुसरा माणूस खालचा एक सूर अखंड धरून बसतो. काका तो दुसरा माणूस. नाकानं श्वास घ्यायचा, गालांतली हवा सनईत सोडायची, मधे खंड नाही. चंपाकाकू म्हणायची, "एका सुरावर संसार केला या माणसानं!"

छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा काकानं लोकांच्या दारात उभं राहून वाजवणं सोडलं. सनई नाही सोडली. पुतण्या देवमनला उस्तादांकडे शिकायला घातलं, ते एकाच अटीवर. "वाजवशीन तं बसून वाजवशीन."

आणि शहात्तर साली हा देवमन मुंबईला टेलिव्हिजनवरच्या स्पर्धेत पोचला की हो! देशोदेशीची तरणी पोरं, कोणी व्हायोलिनवालं, कोणी पियानोवालं. आमच्याकडून सुरावर काका, चौघड्यावर मी. सगळं त्याच घटकेला घराघरांत दिसणार, म्हणून नियम कडक: घंटेआधी वाजवणं थांबलं की बाद.

स्टुडिओत दिव्यांची नुसती भट्टी. टेलिव्हिजनच्या साहेबांनी देवमनला उजेडात बसवलं, आम्हा दोघांना बाजूला अंधारात.

"आपण अथीच बरे," काका कुजबुजला. "सूर काई डोयानं पाह्यत नाई कोनी."

साहेब देवमनला म्हणाले, "सनईला हा गुच्छ काय लोंबतोय? काढा तो. वाईट दिसतो."

गुच्छ कसला, फुंकायच्या जादा पत्त्या होत्या त्या, दोऱ्यात ओवलेल्या! काकानं त्या आपल्या सनईला बांधून घेतल्या.

आलाप सुरू झाला. गोड चाललं होतं, आणि टर्रर्र! धगीनं पत्ती वाळून चिरली. देवमन फुंकतो तर नुसता वारा. आलापात चौघडा नसतो. अख्ख्या स्टुडिओत आवाज उरला तो काकाच्या सुराचा. तो तुटला की देवमन बाद. आणि काकाला थंडीपासून खोकला!

मी पोटावर सरपटत काकापाशी गेलो. त्याच्या वाजत्या सनईवरून गुच्छ सोडवायला लागलो, तर गाठ निघेना. शेवटी दातानं तोडली. रांगत देवमनकडे. पण कोरी पत्ती लगेच बोलत नाही हो, तोंडात भिजवावी लागते. देवमन पत्ती तोंडात धरून बसला, डोळे भरलेले. तेवढ्यात काकाच्या गळ्यात खोकला चढलेला मला दिसला. काकानं तो गिळला. सूर हलला, तुटला नाही.

आता कॅमेऱ्यानं दाखवावं काय? कॅमेरा वळला, दिवाही वळला, आणि जानरावकाका उजेडात आला. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, टोपी कानावर.

मग त्या सुरात हळूच देवमनची सनई येऊन मिळाली. घंटा झाली तेव्हा काका असा खोकला, की साहेबांनी कानांवर हात ठेवले.

परीक्षकांत जुंपली. एक म्हणाले, "मुलगा थांबला होता." एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "आवाज कुठं बंद पडला, ते सांगा." कोणालाच सांगता येईना. देवमन तिसरा आला!

जऊळक्याच्या स्टेशनवर चंपाकाकू उभीच होती.

"मुंबईले जाऊन काय वाजवलं तुमी?"

"तेच."

"तेच? मंग गेले कायले?"

"बसून वाजवलं," काका म्हणाला.

"बसून तं घरी बी वाजवता आलं असतं!" काकू म्हणाली आणि त्याच्या हातातली सनई आपल्या पदरानं पुसायला लागली.