नऊ व्होल्टच्या आत

दीक्षा रामटेके शिकवते ती प्रयोगशाळा हिंगणा रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. तिथे तारा जोडायच्या सोल्डरचा वास येत नाही. लॉकडाउनमध्ये सगळे प्रयोग संगणकावर गेले ते परत टेबलावर उतरलेच नाहीत. मुलं पडद्यावर एक त्रिकोण ओढतात. तो त्रिकोण म्हणजे ऑप-अँप, विजेचा बारीक सिग्नल मोठा करणारी चिप. यादीतला त्याचा पहिलाच प्रकार 'आदर्श'. त्याला बॅटरी जोडावी लागत नाही. तो तापत नाही, दमत नाही, सांगाल तितकं मोठं करून देतो. दीक्षाही वर्षानुवर्षं तोच ओढत आली. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, नंदनवनात आईवडिलांसोबत राहणारी ही बाई माणसांशी कमीच बोलते. पडद्यावरची रेषा तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, असं तिला वाटे.

तिचे वडील दादाजी सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. गल्लीतल्या बुद्धविहारात वंदना तेच सांगत. त्यांनी एक ओळ म्हणायची, लोकांनी ती मागून म्हणायची, लोकांचा आवाज बसला की त्यांनी पुढची उचलायची. कान गेले तसं हे बिघडलं. लोक अर्ध्यात असताना ते पुढची ओळ सुरू करत. कधी सगळे गप्प बसलेले आणि हे डोळे मिटून वाट पाहत. मागे पोरं हसत. शेवटी पुतण्या संघपाल, विहार समितीचा सचिव, घरी आला.

"मोठेबाबा, येत्या पौर्णिमेपासून मी सांगतो वंदना. तुम्ही फक्त पुढे बसा."

"काय म्हणते हा?" दादाजींनी बायकोला विचारलं.

"म्हणते, तुमी आता रिटायर झाले!" कांताबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"एकदा त झालो ना गा! किती खेप रिटायर करता मले?"

सगळे हसले. दादाजीही हसले, आणि हसत हसत उठून आत गेले. ते जेवायला बाहेर आले नाहीत.

विकतची श्रवणयंत्रं त्यांनी आधीच कपाटात टाकली होती. ती शिट्टी मारत. दीक्षाने संघपालकडून ही एक पौर्णिमा मागून घेतली. यंत्र मी बनवते, म्हणाली.

आधी तिने ते पडद्यावर बनवलं. माइक, आदर्श त्रिकोण, हेडफोन. घरातल्या हळू बोलण्याएवढा सिग्नल दिला, तो दोनशे पट झाला. विहारातल्या जमावाएवढा दिला, तोही झाला. लाट गुळगुळीत, टोकं गोल. मग तिने सीताबर्डीच्या बाजारातून खरी चिप आणली, नऊ व्होल्टची बॅटरी लावली सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला.

"मिठाचा डबा कुठी ठेवला कोण जाणे," कांताबाई स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हणाल्या.

"फ्रिजवर पाह्य," बाहेरून दादाजी बोलले.

कांताबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "आता घरात बी जपून बोलाव लागन वं."

पौर्णिमेआधीच्या रविवारी दादाजी डबी खिशात घालून विहारात गेले. वर टिनाचं छत, भरलेली सतरंजी. त्यांनी हात जोडून पहिली ओळ म्हटली, लोकांनी मागून म्हटली, आणि दादाजींचा चेहरा उतरला. लोक थांबले. ते पुढची ओळ उचलेनात. कोणी खोकलं. मागून संघपालने ती उचलली.

"काय झालं बाबा?" घरी जाताना दीक्षाने विचारलं.

"सारं एकसारखं वाजून राहिलं होतं. लोकं, पंखा, कोणाचा खोकला. सपाट. थांबले का नाही थांबले, समजेच ना." त्यांनी डबी तिच्या हातात दिली. "राहू दे वं. तुह्या हातून काही चुकलं नसन. माहे कानच तसे."

ते तसं म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने तीच आकृती उघडली. पडदा म्हणाला, सगळं ठीक आहे. तेव्हा तिची नजर लाटेवरून सरकून डाव्या कडेच्या आकड्यांवर गेली. लाटेचं टोक वीस व्होल्टवर होतं. बॅटरी नऊची. जे नव्हतंच, ते आदर्श त्रिकोण हसतमुखाने देत होता, आणि तिने अशाच लाटांना आजवर पूर्ण गुण दिले होते.

तिने तो खोडला. आणलेल्या चिपचं मॉडेल त्या जागी ठेवलं. या त्रिकोणाने आधी बॅटरीच्या तारा मागितल्या. जमावाचा आवाज दिल्यावर लाट वर चढली, बॅटरीच्या हद्दीला टेकली आणि तिथेच आडवी झाली. वरचं सगळं छाटलेलं. मोठा आवाज छाटून, लहान आवाज वाढवून, दोघांची उंची एकच. बाबांचा शब्द समोर दिसत होता. सपाट.

संध्याकाळी तिने डबीला आवाज कमी-जास्त करायची एक खुंटी बसवली आणि वडिलांसमोर बसली. वंदनेत हात जोडलेले असतात, मधे खुंटी फिरवता येत नाही. आवाज किती ठेवायचा ते आधीच ठरवावं लागणार होतं.

"कमी ठेवलं तर जमाव चढताना-उतरताना नीट ऐकू येईल," ती कानाशी म्हणाली. "एकटं माणूस हळू बोललं तर नाही येणार. आईचंही नाही."

"मंग कमीच ठेव. तुह्या मायचं घरी ऐकीन." त्यांनी बायकोकडे बोट केलं. "ते कोठी पयून जाते!"

"मी पयतो का नाही, ते घरी आल्यावर सांगतो," कांताबाई म्हणाल्या.

पौर्णिमेला दादाजींनी पहिली ओळ म्हटली. लोकांचा आवाज वर गेला, टिनाखाली फिरला, उतरला, आणि ते नेमक्या जागी पुढच्या ओळीत शिरले. दाराशी उभा असलेला संघपाल खाली बसला.

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत दीक्षा आईशेजारी होती, म्हणून तिलाच ते कळलं. कांताबाई पूर्वीपासूनच ओळीचं शेवटचं अक्षर लांबवत. सगळे थांबल्यावरही त्यांचा आवाज श्वासभर मागे उरे, इतका बारीक की त्या डबीने तो उचलणं शक्य नव्हतं. दादाजींची दुसरी ओळ त्या आवाजावरच पडली होती.

दुसऱ्या ओळीनंतर जमाव शांत झाला. दादाजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान किंचित वळवून बायकोच्या ओठांकडे पाहिलं. ओठ थांबेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी तिसरी ओळ घेतली.