बाबांनी पालखी कॅलेंडरात टाकली

मी रत्नागिरी सोडली तेव्हा निरोप द्यायला बाबा गाडीपाशी आले नाहीत. ते ड्यूटीवर होते. एसटी स्टँडवर ते कंट्रोलर. कुठली गाडी कधी सुटणार हे माइकवरून सांगणं त्यांचं काम. आई खिडकीखाली डोळे पुसत उभी होती, आणि वरच्या भोंग्यातून बाबांचा आवाज आला, "मुंबईला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं." मग जरा थांबून, "आणि पोचल्यावर घरी कळवावं." अख्खी गाडी हसली. मी मात्र हातखंब्यापर्यंत रडत होते.

पुढे मुंबईत लॅबचा डिप्लोमा, तिथेच नोकरी, आणि आता कितीतरी वर्षं मस्कतच्या एका हॉस्पिटलात रक्ताचे नमुने तपासते. सुट्टी शुक्रवारी, बोलणं अर्धं हिंदी अर्धं अरबी. 'इन्शाल्ला' तर माझ्याही तोंडात असं बसलंय की रजेचं विचारलं की बाबांनाही तेच ऐकवते. माझ्यासारखे जे बाहेर पडलात त्यांना हे नव्याने सांगायला नको. आणि जे मागे राहिलात, तुम्ही फोनवर काय लपवता तेही आम्हाला कळतं बरं का.

बाबांचं लपवणं आई गेल्यावर सुरू झालं. "कळवत जा हां," असं मला बजावणारा माणूस स्वतः काहीच कळवेना. काय विशेष, तर काही नाही. कुठे गेला होतात, तर "कुठे जायचं गो?"

खरं तर गावात काही कमी नव्हतं. पण आमच्या लहानपणापासून कार्यक्रम कळायचा तो नाक्यावरच्या अर्ध्या फाटलेल्या पोस्टरवरून, नाहीतर भोंगा लावलेली रिक्षा नेमकी कुकरच्या शिट्टीबरोबर दारावरून जायची तेव्हा. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून: "काल काय छान झालं म्हणे!" शिवाय दोन मंडळं हटकून एकाच संध्याकाळी कार्यक्रम ठेवायची, आणि दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

मग वाचनालयातल्या नसरीनने एक ऑनलाइन कॅलेंडर सुरू केलं. देवळाचा उत्सव असो, दर्ग्याचा उरूस असो, शाळेचं प्रदर्शन असो की डोळे तपासणीचं शिबिर, ज्याचा कार्यक्रम त्याने त्यात टाकायचा आणि तो सगळ्यांना फोनवर दिसणार. मी व्हिडिओ कॉलवर तासभर घसा कोरडा करून ते बाबांच्या फोनवर बसवलं. शेजारी आम्हा दोघांपुरतं दुसरं कॅलेंडर केलं, त्याला नाव दिलं 'घर'. निदान औषधं कधी संपतात ते तरी कळेल, एवढाच हेतू.

बाबा आधी डोळे तपासायला गेले. मग गाण्याला. मग सापांवरच्या व्याख्यानाला. एका शनिवारी तीन ठिकाणी हजेरी लावून आले आणि दिवसभर माझा फोन उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला फोन न उचलल्याचा आनंद झाला.

पण बाबा नुसते प्रवासी म्हणून किती दिवस राहणार? एकदा भजनस्पर्धा आणि नाटक एकाच संध्याकाळी दिसलं, तशी त्यांनी दोन्ही मंडळांना फोन लावले. "अहो, एका फलाटावर एकाच वेळी दोन गाड्या लागत नाहीत!" मंडळी आधी कुरकुरली. मग भजनवाल्यांनी तारीख पुढे नेली आणि दोन्ही दिवशी हॉल भरला. तेव्हापासून तारीख पक्की करण्याआधी लोक बाबांना विचारू लागले. बंदरावरच्या बायकांनी सुक्या मासळीचा बाजार कॅलेंडरात टाकला, तर आतल्या गावांतून गाड्या करून गिऱ्हाईक आलं. नसरीनने सगळ्या नोंदी तपासायचं काम बाबांवरच सोपवलं.

हे सगळं मी कौतुकाने बघत होते, तरी बाबा मोरीत घसरून पडल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं आणि माझा धीर सुटला. ठरवून टाकलं: शिमगा झाला की घर बंद, बाबा कायमचे मस्कतला. ते म्हणाले, "बरं." बदलीची ऑर्डर आली की असंच बरं म्हणायचे. दोघांची तिकिटं पर्समध्ये घेऊन मी शिमग्याला घरी आले.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. दार उघडं ठेवून तिची वाट बघायची, अंगणात आली की ओटी भरायची. आई होती तोवर अंगणात पाय ठेवायला जागा नसे. ती गेल्यावर पालखीबरोबरची माणसं आणि दोन शेजारी, बस.

पालखी यायच्या आदल्या दिवशी नसरीनचा फोन. "ताई, उद्या चारलाच यायचं ना? अम्मीपण येते म्हणतेय."

मी फोन उघडून बघितलं. 'पालखी आपल्या घरी. गुरुवार, दुपारी चार. सर्वांनी वेळेवर यावे.' बाबांना हे 'घर' कॅलेंडरात लिहायचं होतं. टाकलं गावाच्या!

"बाबा, आधी काढा ते!"

"काढू कसं? माइकवर सांगितलेली गाडी रद्द केली की लोक स्टँडवर ताटकळतात गो."

पालखी अर्थातच पावणेसहाला आली. माणसं मात्र चारपासूनच. भजनवाले, नाटकवाले, बंदरावरच्या दोघीतिघी, ज्यांना मी ओळखतही नव्हते असे कितीतरी. नसरीनच्या अम्मीने डबाभर सांदणं आणली. कोकम सरबताचे पेले कमी पडले म्हणून चार घरांतून मागून आणले. ओटी भरायला मी पुढे झाले; त्या जागी आई उभी राहायची. मागे कुणीतरी बाबांना विचारत होतं, "काका, मेमधली कुठली तारीख मोकळी आहे हो?" आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून ऐटीत फोन बघत होते. मला स्वतःची लाज वाटली. या माणसाला मी दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवणार होते.

सगळे गेल्यावर मी पेले विसळत होते, बाबा पुसत होते.

"तुमचं तिकीट रद्द करू?"

"रागावशील?"

"नाही."

"मग कर. तिथे येऊन मी कुणाला काय सांगू?"

नंतर ती नोंद पुसायला गेले तर दिसलं, त्यांनी 'दरवर्षी' वर टिक केली होती.

"बाबा, शिमगा तिथीवर, फोन तारखेवर. हा दरवर्षी चुकीच्या दिवशी पालखी दाखवणार."

"दाखवू दे. तू आहेस ना दुरुस्त करायला."

नोंद मी पुसली नाही. परवा मस्कतमध्ये जेवणाच्या सुट्टीत ते कॅलेंडर पुढे पुढे सरकवत बसले. प्रत्येक मार्चमध्ये तीच ओळ: 'पालखी आपल्या घरी.' बाबा शंभरीचे होतील त्या वर्षीही, त्याच्या पुढेही. मला पुढचं बघवेना. मी मागे आले, पंचांगात बघून पुढच्या वर्षीची तारीख तेवढी दुरुस्त केली, रजेचा अर्ज दिला, आणि बाबांना कळवलं.